सांडपाण्याची वही

ग्रामपंचायतीनं मला एक वही दिली
आणि खुणा केलेली लाकडी पट्टी.
रोज सकाळी पहिल्या टाकीत पट्टी बुडवायची,
किती बोटं ओली झाली ते लिहायचं.
वासाच्या रकान्यात तीनच शब्द चालतात:
आहे, थोडा, नाही.

बालाघाटाच्या उतारावर आमचं गाव.
उतार जिथं संपतो तिथं आमची घरं.
नाली तेवढी इमानदार,
कुणाला न विचारता खालीच यायची.
वरच्या आळीतल्या न्हाण्यांचा साबण,
चाँदपाशाच्या रंगाच्या भांड्यातलं निळं,
सोवळ्याचं, सुतकाचं, बाळंतिणीच्या बाजेखालचं,
सगळं आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबायचं
आणि हिरवं व्हायचं.
सासू सांगायची, आडावर आपली घागर वेगळी होती.
नालीवर मात्र
कधी कुणी आपलं पाणी वेगळं काढलं नाही.

मग गुत्तेदार आला. खड्डे झाले.
पहिल्यात केस, चिंध्या, भाताची शितं खाली बसतात.
दुसऱ्यात मोठी खडी, बारीक खडी, वाळू.
तिसऱ्यात कर्दळ, सतरा रोपं, मी लावलेली.
तालुक्याहून आलेल्या मिटकरी मॅडम म्हणाल्या,
याला घाण म्हणू नका दैवशालाताई,
मुळांसाठी हे उरलेलं अन्न आहे.
मला हसू आलं.
उरलेल्यावर वाढणारं काही
मी पहिल्यांदा पाहत नव्हते.

दिवाळीपर्यंत लाल फुलं आली, दोन पिवळी.
शेवटच्या नळीतून जे निघालं
ते लिंबाजीनं बाटलीत भरून उन्हात धरलं,
म्हणाला, पितीस का?
म्हणलं, पिण्याचं नाही रे हे, हे लिंबोणीचं.
पण तू बोअरचं पितोस
ते कधी असं उन्हात धरलंस का?

मग उन्हाळा.
टँकर नवव्या दिवशी, कधी अकराव्या.
पट्टीवर चार बोटं, मग दोन,
मग नुसता ओल आल्यासारखा भास.
बाजेवर बसून आंघोळ, बाजेखाली घमेलं,
घमेल्यातलं म्हशीच्या अंगावर,
भांड्यांचं गाळून पुन्हा भांड्यांना.
सांडायला कुणाकडं काही उरलंच नाही.
नालीत कुत्री झोपू लागली, गार म्हणून.
वहीत मी ओळीनं लिहीत गेले
कोरडी
कोरडी
कोरडी
आणि कर्दळीची पानं कडेकडेनं कागद झाली.

एका सकाळी बादली घेतली
आणि उतार उलटा चढले.
दारोदार. काय म्हणावं सुचेना,
तोंडातून जुनंच निघालं:
खरकटं पाणी वाढा हो माय.

कुणी हसलं. कुणी दार लोटलं.
कुणाचं पोरगं ओरडलं, हिला गटार पाहिजे!
प्रयागबाई मात्र बाहेर आल्या,
जन्मभर ज्यांनी परातभर पाणी
कुठं जातं न बघता भिरकावलं त्या,
हातात तांब्या, तळाशी कपबशा विसळलेलं.
इतकंच हाय गं, म्हणाल्या,
आणि चोरी केल्यासारखं इकडंतिकडं पाहिलं.
मी सवयीनं मागं सरकले,
बादली खाली ठेवून.
त्या वाकल्या.
वरून नाही ओतलं.
बादलीच्या काठाला तांब्या टेकवून,
हळू, तेल ओतावं तसं.
एक थेंब बाहेर गेला
तेव्हा दोघींनी एकदमच खाली पाहिलं.

नऊ घरं मिळून पाऊण बादली.
सतरातली सहा कर्दळं जगली,
बाकीची उपटून मीच चुलीला लावली.

त्या रात्री वही उघडली.
पट्टीवर काही येण्याजोगं नव्हतंच,
बोटांच्या रकान्यात शून्य टाकलं.
वासाच्या रकान्याशी थांबले.
बादलीला चहाचा वास होता,
आणि काठाला राखेचा, घासलेल्या तांब्याचा.
शब्द तीनच चालतात.
मी लिहिलं:
थोडा.